पावलांनी आखलेलं गाव

दुपारी साडेबाराला जेवणं उरकली की बराकींना कुलपं लागत आणि ती थेट तीन वाजता निघत. तुरुंगात ह्याला दुपारची बंदी म्हणतात. बाहेरच्या जगात कितीही यंत्रं आली-गेली तरी ही बंदी काही बदलली नव्हती. त्या अडीच तासांत बायका निजत, भांडत, एकमेकींच्या वेण्या घालत, नाहीतर छताकडे बघत नुसत्या पडून राहत. शनिवारी-रविवारी मात्र आठ जणींची बंदी पाळणाघरात होई. भिंतीवर पोपट आणि हत्ती रंगवलेल्या त्या खोलीत आठ खाटा टाकलेल्या असत, आणि त्या आठ जणींना झोपेची इतकी घाई असे की पहाऱ्यावरच्या शिपाईबाईंनाही हसू यायचं.

वैजंता त्यांतलीच एक. कपाळाला पट्टा बांधून ती कुशीवर वळली की पाचेक मिनिटांत तिचा डोळा लागे आणि ती पुन्हा त्याच तुरुंगात जागी होई. तोच कडुलिंब, तोच पार, त्याच बराकी. पण उजेड निराळा, लिंबाच्या सरबतासारखा फिका पिवळा, आणि कशालाच सावली नाही. भिंतीवरचे पोपट उडून कडुलिंबावर जाऊन बसलेले. बराक कधी इतकी लांबच लांब झालेली की दुसरं टोक दिसू नये. आणि पारावर, पाय हलवत, नक्षू बसलेली असे.

"आज उशीर केलास," नक्षू म्हणे.

"आमटी उतू गेली गं. ती पुसत बसले," असं काहीतरी वैजंता सांगे आणि तिला मांडीवर घेई. मांडीला ओझं लागे. स्वप्नात ओझं लागतं ह्याचं तिला दर वेळी नवल वाटायचं. मग दोघी पोपट मोजत बसत, आणि पोपट प्रत्येक वेळी वेगळे भरत.

नक्षूचं शाळेतलं नाव नक्षत्रा. ती ह्याच तुरुंगात जन्मली आणि वाढली. नवऱ्यानं खोऱ्याचा दांडा उगारला तेव्हा वैजंताच्या हाताला वरवंटा लागला, एवढीच सगळी हकीकत. कोर्टाला ती पुरली आणि पाच महिन्यांची पोटुशी वैजंता जन्मठेप घेऊन आत आली. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, असा नियम. सहा पुरी झाली आणि वैजंताची थोरली बहीण राजश्री नक्षूला आपल्या गावी, बोरजाईवाडीला घेऊन गेली. दोनशे किलोमीटर लांब. राजश्री तिथं बेदाण्याच्या शेडवर कामाला होती. वैजंतानं ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं.

पोर गेली त्या दिवशी वैजंता रडली नाही. सकाळी उठून तिनं नेहमीप्रमाणे नक्षूच्या वाटणीचं दूध मागून घेतलं आणि वाटी हातात आल्यावर तिला कळलं. तेव्हा मात्र तिला सावरायला चौघी लागल्या.

पट्टा आला त्यानंतर वर्षानं. तो डॉ. तमन्ना मुजावर घेऊन आल्या. बाई मेंदूशास्त्राच्या, पण समजावून सांगण्याची हातोटी शाळामास्तरांसारखी. पाळणाघरात सगळ्यांना गोल बसवून त्यांनी सांगितलं होतं, "आपल्या मेंदूत, कानांच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा शेंगेएवढा भाग असतो. त्यातल्या काही पेशींचं काम एकच, आपण कुठं आहोत ते ओळखायचं. तुम्ही चुलीपाशी उभ्या राहिलात की एक पेशी चमकते, दारात आलात की दुसरी. एखाद्या जागी रोज वावरलं की त्या जागेचा नकाशा ह्या पेशींत तयार होतो. मग झोपेत त्या पुन्हा त्याच क्रमानं चमकतात. पायांनी दिवसा जी वाट तुडवली ती मेंदू झोपेत परत चालून बघतो. तशीच ती पक्की होते."

पट्टा ह्या चमकण्याची लय वाचायचा आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तीच लय दुसऱ्या झोपलेल्या माणसाच्या पेशींत हलकेच जागी करायचा. अडचण एकच होती. प्रत्येक मेंदूचा नकाशा ज्याच्या त्याच्या लिपीत असतो. एकाचा दुसऱ्याला वाचता यायचा तर दोघांच्याही पायाखालून गेलेली एक जागा लागते. तिच्यावरून यंत्र दोघांचा शब्दकोश तयार करतं. "अशा जागी तुम्ही भेटाल," मुजावर मॅडम म्हणाल्या. "जागा जाते, चाल जाते, घशाच्या बारीक हालचालींवरून थोडं बोलणंही जातं. चेहरा तेवढा जात नाही. तो ज्यानं त्यानं आपल्या आठवणीतून लावायचा."

पट्टा दोन्ही कानांवरून खाली लोंबायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव मुंडावळ ठेवलं. वैजंता आणि नक्षू ह्यांची सामाईक जागा उभ्या जगात एकच होती, ती म्हणजे हा तुरुंग. तेव्हा हे कुणालाच खटकलं नाही. शनिवारी नक्षूची शाळा सकाळची असे. ती बाराला घरी यायची, मावशीच्या हातची भाकरी खायची, मुंडावळ बांधून निजायची आणि आईला भेटायला तुरुंगात यायची. हळूहळू खऱ्या भेटी थांबल्या. दोनशे किलोमीटर एसटीनं कोण येणार, स्वप्नात भेट होतेच आहे, असं राजश्रीला वाटलं, आणि खरं सांगायचं तर वैजंतालाही वाटलं. बुधवारी पडद्यावर पाच मिनिटं तोंड दिसायचं, तेवढं पुरे झालं.

दोन वर्षं अशी गेली. नक्षू नऊ वर्षांची झाली.

मग एका सोमवारी मुजावर मॅडम एकट्याच आल्या आणि वैजंताला पाळणाघरात घेऊन बसल्या. "वैजंताताई, नक्षत्रा परवा शाळेतून घरी येताना हरवली."

वैजंता ताडकन उठून दाराकडे निघाली.

"सापडली, सापडली. घाबरू नका. देवळामागं उभी होती. पण गाव केवढं, तीनशे उंबऱ्यांचं. ती तीन वर्षं तिथं राहतेय आणि तिला घर सापडत नाही." मॅडमनी टॅब्लेट उघडला नाही, वहीही काढली नाही. "राजश्रीताई आणखी सांगत होत्या. दाराशी आली की थांबते, कुणी जा म्हटल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही. संध्याकाळ झाली की उकिडवी बसते आणि विचारते, मोजणी कधी होणार. बराकीतली मोजणी."

"तिला कुनी शिकीवलं हे?"

"आपण," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मी. झोपेत वाटा पक्क्या करायला मेंदूकडं वेळ मोजका असतो. तिचा तो वेळ इथला नकाशा घोटण्यात जातोय. बोरजाईवाडीला त्यात जागाच मिळत नाही. तिच्या मेंदूच्या लेखी ती अजून इथंच राहते. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

वैजंताला वाटत होतं आपण पोरीला भेटायला जातो. खरं म्हणजे आपण तिला दर आठवड्याला आत ओढून आणत होतो. "म्हंजी शिक्षा मला झाली आन् भोगतीया ती," ती म्हणाली.

"दोन महिने बघू. तेवढ्यात तिचा बाहेरचा नकाशा उभा राहिला नाही तर मला पट्टा काढावा लागेल. मग पुन्हा द्यायचा की नाही, ते ती मोठी झाल्यावर ठरवेल."

"मला तिकडं न्या की. मीच फिरते तिच्यासंगं. मग आमी तिकडं भेटू."

पण काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या संचित रजेचा तिचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. दीर आता बोरजाईवाडीच्या शेजारच्याच गावात राहायला आले होते आणि गावात तंटा होईल असा पोलिसांचा अहवाल होता. तिसरा अर्ज केला तरी उत्तर यायला सहा महिने लागणार. मॅडमनाही ते ठाऊक होतं.

त्या दुपारी बंदीत वैजंता जेवण न करता पडून राहिली. शेजारच्या जागेवर हौसाक्का होत्या. साठीच्या पुढच्या, आयुष्यभर बांधकामावर घमेली वाहिलेल्या, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय ज्यांना भाकर गोड लागत नसे अशा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला एक सांग," हौसाक्का म्हणाल्या. "घर बांधायच्या आदी आमी जमिनीवर चुन्याची फक्की मारतो. नुसत्या पांढऱ्या रेघा. मालकीण येती, त्या रेघांतनं फिरती. हितं सैपाकघर, हितं न्हाणी, हितं देव. भित्ताड नसतंय, दार नसतंय. पन तिला घर कळतं का न्हाई?"

"कळतं."

"मग तुज्या बयनीचं गाव आपून हितं मारू की. रेघा पोरीनं सांगायच्या."

मुजावर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. "पेशींना भिंती लागत नाहीत," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "अंतर लागतं, वळण लागतं, आणि चालणारे पाय लागतात. करून बघू या. दुसरं काय आहे आपल्या हातात?"

बुधवारी पडद्यावर नक्षूचं तोंड आलं. वैजंता म्हणाली, "नक्षू, मला तुजं गाव बघायचंय. पावलांनी मोजून सांगशील? दारापासनं कुठवर किती पावलं, कुठं वळायचं, सगळं. मावशीला इचारायचं न्हाई. तूच चालायचं."

"एकटीनं?"

"एकटीनं."

नक्षूनं मागं वळून मावशीकडे पाहिलं. "जाऊ?" तिनं विचारलं, आणि राजश्री पडद्याबाहेरून म्हणाली, "जा की."

पहिल्या आठवड्यात फक्त एक ओळ आली. दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अठरा पावलं. दुसऱ्या आठवड्यात टाकीपासून डावीकडं चाळीस पावलांवर शेड. मग मात्र पोरीला नादच लागला. पाच मिनिटं तिला पुरेनात. "शेडमधनं रॅकच्या खालून वाकून गेलं तर बावन्न होतात, बाहेरनं गेलं तर सत्तर. खालून गेलं की द्राक्षांचं पाणी मानेवर पडतं. चिकट. आणि शाळेकडं जाताना गिरणी लागते, तिथं कुत्रं आहे, म्हणून तिथं पावलं मोठी टाकायची." राजश्री मागून तक्रार करायची की कार्टी दिवसभर उंडारते, अंधार पडायच्या आत हाका मारून आणावी लागते. तक्रार ऐकून वैजंताला इतका आनंद व्हायचा की तो लपवताना तिची तारांबळ उडायची.

इकडे कडुलिंबाच्या अंगणात फक्कीचं गाव वाढत होतं. नक्षूचं पाऊल केवढं, ह्याचा प्रश्न वैजंतानं चुटकीसरशी सोडवला होता. पारापासून पाळणाघराच्या दारापर्यंत नक्षूची एकतीस पावलं होतात, हे तिला पाठ होतं. हौसाक्कांनी त्या अंतराचे दोरीनं एकतीस भाग पाडले आणि एका भागाएवढी काठी तोडली. काठीनं मोजायचं आणि रेघ मारायची. जेलर मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण गाव अंगणात अगदी नेमकं मावतंय हे पाहून परवानगी दिली. दोरीवर चादरी वाळत घालून शेड केली. टाकीच्या जागी उभं राहायला काही नव्हतं, म्हणून हौसाक्का स्वतः उभ्या राहत. गिरणीपाशी एक जण भुंकायची, आणि ती भुंकली नाही तर बाकीच्या तिला दम भरत. सकाळी बराकी उघडल्या की वैजंता डोळे मिटून ह्या गावातून चालत सुटे. दार, टाकी, डावीकडं वळून शेड. पुढं गिरणी, शाळा, बोरजाईचं देऊळ. महिन्याभरात तिचे पाय न विचारता वळू लागले.

दोन महिने संपायला पंधरा दिवस होते तेव्हा मॅडमनी पट्ट्यात नवा नकाशा घातला.

शनिवारी वैजंता निजली. फिक्या पिवळ्या उजेडात पांढऱ्या रेघा दिसल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत रेघांतून भिंती उगवू लागल्या. तिला हसू आलं. "आई," नक्षूची हाक आली, अगदी जवळून. वैजंता टाकीकडे वळली आणि भिंतीवर आदळली. तिथं भिंत नको होती. ती मागं सरली तर मागं दुसरी भिंत. शेडचे रॅक तिच्या बरगड्यांना टेकले होते, छप्पर डोक्याला लागत होतं. "आई, तू कुठं आहेस? मला जाता येईना," नक्षू रडकुंडीला आलेली, आणि मग काहीच नाही. सगळं पांढरंफेक झालं. वैजंता धडपडून खाटेवर उठून बसली.

मुजावर मॅडमनी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. त्यांना फार वेळ लागला नाही. "वळणं बरोबर आहेत. एकही चूक नाही. पण तुमचं गाव लहान आहे, वैजंताताई. तिच्या गावाच्या पाऊणपट."

"काठीनं मोजलंय, मॅडम. येक सूत इकडंतिकडं न्हाई."

"काठी कशावरून काढली?"

वैजंतानं पारापासून दारापर्यंतच्या एकतीस पावलांचं सांगितलं. आणि सांगता सांगताच ती थांबली.

"बाये," हौसाक्का दारातून म्हणाल्या, "ती पावलं सा वर्षांच्या पोरीची."

वैजंताला आठवलं, स्वप्नात मांडीवर बसणारी नक्षू दोन वर्षांत जराही जड झाली नव्हती. तोच लाल फ्रॉक, तेच पुढचे दोन पडलेले दात. चेहरा ज्यानं त्यानं लावायचा असतो, आणि तिनं शनिवारमागून शनिवार सहा वर्षांचीच पोर लावली होती. आपण तिला बाहेर काढायला निघालो आणि गावसुद्धा तिला तोकडं शिवलं, ह्याची तिला फार लाज वाटली.

बुधवारी पडदा लागला तेव्हा ती म्हणाली, "ताई, फोन लांब धर. आनखी लांब. मला ती सगळी बघायचीया."

राजश्रीनं फोन खिडकीत ठेवला. नक्षू दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. वैजंतानं आधी पाय पाहिले. लांब, काटकुळे, गुडघ्यावर खरचटलेले पाय. मग परकराचा काठ, जो पोटऱ्यांपर्यंत वर गेला होता. हात. खांदे. डोकं कडीच्या वर पोचलं होतं. एक वेणी पुढं घेतलेली, आणि चेहऱ्यावर लाज, कारण आई अशी टक लावून बघत होती.

"काय बघतीस?"

"काय न्हाई. चालून दाखव."

नक्षू चालली. भिंतीपासून दारापर्यंत चार पावलं. वैजंतानं तीन वेळा चालायला लावलं. डोळे पुसायला हात वर न्यावा तर तेवढ्यात काही दिसायचं राहील, म्हणून तिनं ते वाहू दिले. राजश्रीनं ते अंतर फुटपट्टीनं मोजून सांगितलं आणि पाच मिनिटं संपली.

हौसाक्कांनी नवी काठी तोडली. जुनी वैजंतानं मागून घेतली आणि चुलीत घातली. नवं गाव अंगणात मावेना. शाळा भिंतीला अडली, देऊळ तर पार पलीकडे गेलं. शेवटी जेलर मॅडमनी आतल्या भिंतीचं दार उघडून तुरुंगाच्या मळ्यात जायला परवानगी दिली, दोन शिपाईबाई बरोबर देऊन. कोबीच्या सऱ्यांमधून फक्की मारली गेली. दहा दिवसांत वैजंता त्या गावातून किती वेळा चालली ह्याची गणतीच नाही. पोटऱ्या भरून यायच्या, तरी ती डोळे मिटून चालायची.

शेवटच्या शनिवारी ती निजली तेव्हा तिनं मनात एकच गोष्ट घोकली, चौकटीपाशी उभी असलेली पोर.

उजेड तोच होता, फिका पिवळा. पण पायाखाली माती ऊन होती. रेघांतून घरं उभी राहिली आणि उभी राहताना त्यांनी तिला वाट दिली. टाकीच्या जागी हौसाक्काच उभ्या होत्या, डोक्यावर झाकण, अंगातून पाणी झिरपतंय, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांच्यापलीकडे चादरी वाऱ्यानं फुगत होत्या. वैजंता जवळ गेली तशा त्या हिरव्या होत गेल्या, आणि चादरीच्या घड्यांतून द्राक्षं लोंबू लागली, थरावर थर, नजर पोचेल तिथवर. कुठून तरी कोबीचा वास येत होता.

रॅकखालून वाकून एक मुलगी बाहेर आली. ताठ उभी राहिली तर वैजंताच्या खांद्याला लागली.

"सापडलं तुला?" नक्षूनं विचारलं.

"सापडलं."

वैजंतानं सवयीनं हात पसरले. नक्षू आली, पण मांडीवर बसली नाही. तिनं आईचा हात धरला आणि ओढत नेलं. गिरणीपाशी म्हणाली, इथं मोठी पावलं टाक. दोघींनी मोठी पावलं टाकली. कुत्रं बाईच्या आवाजात भुंकलं आणि दोघी हसत सुटल्या. मग मावशीच्या घराच्या पायरीवर त्या टेकल्या. नक्षूच्या मानेवर चिकट पाणी होतं, ते वैजंतानं पदरानं पुसलं. तिला वाटलं, आता अशीच बसावी, घंटा होईस्तोवर.

रॅकच्या पलीकडून पोरींचे आवाज आले. कुणीतरी नक्षूला हाक मारत होतं. वैजंताला त्या पोरी दिसल्या नाहीत, त्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती. नक्षूनं मान वळवली, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा तिकडे.

"आई, तू बस इथं. मी खेळून येते."

वैजंताच्या छातीत काहीतरी तुटलं आणि त्याच ठिकाणी काहीतरी बसलंही. पोरीनं "जाऊ?" असं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. "जा," ती म्हणाली. "उन्हात लई फिरू नगंस."

ते शेवटचं ऐकायला नक्षू थांबली नव्हती. ती शेडच्या टोकाला डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. तिथून पुढं वैजंताच्या गावात काहीच नव्हतं, रेघसुद्धा नाही. ती वाट नक्षूनं तिला कधी मोजून दिली नव्हती. वैजंतानं पदर सावरला आणि पायरीवर बसून ती पोरीची वाट बघू लागली.